शब्द कळले नाहीत तरी कादंबरी ऐकू येते

इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या एका प्राध्यापक बाईंनी प्रश्न विचारला आहे. एका विद्यार्थ्याने त्यांना मास्टोडॉन या बँडचा 'लेव्हायथन' ऐकवला आणि हा अल्बम हर्मन मेल्विलच्या 'मोबी-डिक' या कादंबरीवर बेतलेला आहे असं सांगितलं. बाई मेल्विल वर्षानुवर्षं शिकवत आल्या आहेत, पण गाण्यातला एक शब्द त्यांच्या कानाला लागला नाही. त्या विचारतात, यात कादंबरी नेमकी कुठे आहे? की मोठ्या ग्रंथाचं नाव लावलं की संगीताला वजन येतं, एवढाच त्यामागचा हेतू? आणि हे सगळं नीट ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी?

बाई, तुमची शंका रास्त आहे. नुसतं नाव लावून मोकळे होणारे अल्बम मेटलमध्ये भरपूर आहेत. मुखपृष्ठावर कवटी, आत मिल्टनचं किंवा दांतेचं नाव, आणि गाणी मात्र कुठल्याही अल्बममध्ये खपून गेली असती अशी. मी स्वतः मेटल वाजवतो, गिटार शिकवतो आणि स्टुडिओत इतरांच्या बँडचं रेकॉर्डिंगही करतो. त्यामुळे माझी कसोटी वाजवणाऱ्याची आहे. गाण्यातले शब्द सगळे काढून टाकले, फक्त वाद्यं ठेवली, तर त्या पुस्तकातलं काही शिल्लक राहतं का? चांगल्या अल्बममध्ये राहतं. पुस्तक तिथे लयीत असतं, गाण्याच्या लांबीत असतं, गाणं कुठे धावतं आणि कुठे अडून बसतं त्यात असतं.

हे पटवून द्यायला मी आधी एका गाण्याकडे जातो, कारण त्यातले शब्द स्वच्छ कळतात आणि पुढच्या पिढ्या तिथूनच शिकल्या. आयर्न मेडनच्या १९८४ सालच्या 'पॉवरस्लेव्ह' अल्बममधलं शेवटचं गाणं, 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. कोलरिजची १७९८ सालची कविता बँडचा बासिस्ट स्टीव्ह हॅरिसने तेरा मिनिटांहून लांब गाण्यात बसवली. सुरुवातीला मेडनची ती ओळखीची घोडदौड आहे. खलाशी लग्नाच्या पाहुण्याला अडवतो, जहाज निघतं, अल्बट्रॉस पक्षी मारला जातो. मग वारा पडतो. कवितेचा गाभा तुम्हाला ठाऊकच आहे: शिक्षा म्हणून वादळ येत नाही, हालचालच संपते. आणि गाणंही थांबतं. ड्रम्स गप्प होतात, खाली बास हळू चालत राहतो, मागे जहाजाच्या लाकडाची करकर, आणि त्यावर कोलरिजच्या मूळ ओळी एक आवाज नुसत्या म्हणतो. चार वेळा पन्नास म्हणजे दोनशे खलाशी एकेक करून कोसळतात, तो हा भाग. मेडनसारख्या बँडने इतका वेळ काहीच न वाजवणं ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना हा भाग बसवायला दिला की ती हमखास घाई करतात, पुढच्या वेगवान भागाकडे पळतात. तिथे हात आवरणं हीच कोलरिजची समज आहे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. कोलरिजने १८१७ च्या आवृत्तीत कवितेच्या समासात गद्य टिपा घातल्या, काय घडतंय ते सांगणाऱ्या. हॅरिसचे स्वतःचे शब्द बरेचसे त्या टिपांसारखे वाचता येतात: साधं, तिसऱ्या पुरुषातलं, घटना पुढे नेणारं निवेदन. काव्य जिथे हवं तिथे त्याने कोलरिजलाच बोलू दिलं. कमकुवत बँड याच्या नेमकं उलट करतात. ते मूळ कवीशी काव्यात स्पर्धा करायला जातात आणि पडतात. १ फेब्रुवारी २००८ ला मेडनने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात केली, तेव्हा हे गाणं त्यांनी वाजवलं होतं. माझ्या आजूबाजूची पोरं तो पाठ केलेला भाग तोंडाने म्हणत होती. कोलरिज त्यांना कुठल्याही अभ्यासक्रमाने दिलेला नव्हता.

आता तुमच्या 'लेव्हायथन'कडे येतो.

मास्टोडॉन अमेरिकेतल्या अटलांटाचा बँड. हा अल्बम ऑगस्ट २००४ चा. 'मोबी-डिक'चा धागा बँडमध्ये आणला तो ड्रमर ब्रॅन डेलरने, आणि म्हणून तुम्ही तो ऐकताना आवाजाकडे दुर्लक्ष करून आधी फक्त ड्रम्स ऐका. बहुतेक मेटल ड्रमर ठेका धरून बसतात. दर मात्रेला जमीन पायाखाली असते. डेलर तसं करत नाही. तो सतत टॉम्सवर, म्हणजे वेगवेगळ्या सुरांच्या ढोलांवर, फिरत असतो, एक फिल (ठेक्यातली छोटी भरणी) संपायच्या आत दुसरी सुरू होते, ठेका आहे पण तो कधी स्थिर होत नाही. गिटारचे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे, हेही सरळ चौकोनी नाहीत. ते पुढे रेटतात, मध्येच एखादी मात्रा खातात. परिणाम असा की ऐकणाऱ्याला उभं राहायला जागा मिळत नाही. कादंबरीतल्या पेक्वॉड जहाजाचा डेक आहे हा. एकही शब्द न कळता तो तुमच्यापर्यंत पोहोचतो.

पहिलं गाणं 'ब्लड अँड थंडर'. आधी एकटी गिटार, एकेरी स्वरांचा ओरखडणारा रिफ, मग सगळा बँड एकदम अंगावर येतो. त्याचा कोरस कुठून आलाय ते शोधायला एकतिसावं प्रकरण उघडा. प्रकरणाच्या शेवटी जहाजाचा कप्तान अहॅब डोलकाठीवरच्या माणसांना ओरडून सांगतो की पांढरा देवमासा दिसला तर छाती फुटेस्तोवर आरोळी ठोका. कोरसमध्ये हीच आज्ञा आहे. म्हणून तिथला आवाज गाण्याचा असूच शकत नाही. वाऱ्यावर, शंभर फुटांवरच्या माणसाला दिलेली आज्ञा माणूस स्वरात देत नाही. मेटलमधला हा खरखरीत ओरडा अनेकांना नुसता राग वाटतो. इथे तो कादंबरीतल्या प्रसंगाची गरज आहे. क्लच बँडचा नील फॅलन याच गाण्यात पाहुणा म्हणून येतो आणि त्याचा जाड, प्रवचन देणाऱ्यासारखा आवाज अहॅबच्या तोंडी फार शोभतो.

शेवटाकडचं 'हार्ट्स अलाइव्ह' तेरा मिनिटांहून लांब आहे. नाव अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणातून घेतलेलं. शिकारीच्या होड्या पहिल्यांदा पाण्यात उतरतात आणि जहाजावरचा अधिकारी स्टब आपल्या वल्हेकऱ्यांना लाडीगोडीने, चुचकारत, 'हार्ट्स-अलाइव्ह' म्हणत वल्ही मारायला लावतो. मेल्विलकडे तो प्रसंग जवळजवळ विनोदी आहे. मास्टोडॉनने ते संबोधन उचलून अल्बममधल्या सर्वांत जड, सर्वांत दुःखी गाण्याला दिलं. त्या होड्यांचं पुढे काय होणार हे माहीत असलेल्या वाचकालाच हे सुचतं. नुसता सारांश वाचून हे नाव ठेवता येत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, वजनासाठी नाव लावण्याच्या शंकेचं, माझं उत्तर इथे आहे.

अल्बममधली सगळी गाणी कादंबरीवर नाहीत, हेही सांगायला हवं. 'मेगालोडॉन' प्रागैतिहासिक शार्कवर आहे, 'इसलांड' आइसलँडवर, आणि शेवटचं वाद्यांचं 'जोसेफ मेरिक' हे एकोणिसाव्या शतकात 'एलिफंट मॅन' म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाच्या नावाचं. बँडच्या पहिल्या चार अल्बमना एकेक महाभूत नेमून दिलेलं आहे. पहिल्याला अग्नी, या दुसऱ्याला पाणी. तक्रार करणारे म्हणतात की मग हा कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम, कसला. मला तक्रार पटत नाही. ज्या कादंबरीत बत्तिसाव्या प्रकरणात गोष्ट बाजूला ठेवून देवमाशांचं वर्गीकरण सुरू होतं, तिच्यावरचा अल्बम इकडेतिकडे भरकटला तर तो मूळ पुस्तकाच्या स्वभावाला धरूनच आहे.

पण 'लेव्हायथन'ने अर्धंच पुस्तक घेतलं. त्याने पाठलाग घेतला. दुसरं अर्धं एका जर्मन बँडने घेतलं आणि त्या बँडचं नावच अहॅब. २००६ चा त्यांचा पहिला अल्बम, 'द कॉल ऑफ द रेचेड सी'. प्रकार फ्युनरल डूम, म्हणजे मेटलमधला सर्वांत संथ. जवळजवळ सगळी गाणी दहा मिनिटांच्या घरातली किंवा त्याहून मोठी.

'मोबी-डिक'ची प्रकरणं एकशे पस्तीस आणि वर उपसंहार. त्यात पांढरा देवमासा प्रत्यक्ष समोर येतो तो शेवटच्या तीन प्रकरणांत. बाकी सगळं वाट पाहणं आहे. समुद्र, काम, बडबड, परत समुद्र. ही वाट पाहण्याची कादंबरी वेगवान संगीतात सापडत नाही. अहॅबचा एकेक कॉर्ड वाजतो आणि विरत जातो, पुढचा ठोका येईल की नाही असं वाटेपर्यंत. गायकाचा आवाज इतका खोल आहे की तो माणसाचा कमी आणि पाण्याखालचा जास्त वाटतो. रेकॉर्डिंग करणारा म्हणून सांगतो, हे वेगापेक्षा अवघड असतं. दोन ठोक्यांमध्ये इतकं अंतर पडलं की ड्रमर आणि गिटारिस्ट एकाच क्षणी एकत्र उतरणं मुश्किल होतं, जरा इकडेतिकडे झालं की सगळं ढिलं पडतं. क्लिकच्या, म्हणजे कानात वाजणाऱ्या मोजणीच्या टिकटिकीच्या, आत बारीक विभाग करून ते मोजत बसावं लागतं. या बँडने तो तोल अख्खा अल्बमभर सांभाळलाय.

वाचन किती पक्कं आहे ते नावांवरून कळतं. 'ऑफ द मॉन्स्ट्रस पिक्चर्स ऑफ व्हेल्स' हे पंचावन्नाव्या प्रकरणाचं शीर्षक. 'द सर्मन' म्हणजे नवव्या प्रकरणातलं फादर मॅपलचं प्रवचन. 'ओल्ड थंडर' हे कप्तान अहॅबचं टोपणनाव, बंदरावर भेटणाऱ्या एलिजाच्या तोंडचं. त्याच बँडने पुढे २००९ मध्ये 'द डिव्हिनिटी ऑफ ओशन्स' काढला, एसेक्स जहाजावर. नोव्हेंबर १८२० मध्ये पॅसिफिकमध्ये देवमाशाने बुडवलेलं ते खरंखुरं जहाज, ज्याची हकिकत मेल्विलने वाचली होती. बचावलेले लोक होड्यांमध्ये इतके उपाशी राहिले की चिठ्ठ्या टाकून आपल्यातल्या एकाला मारून खाल्लं. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली तो ओवेन कॉफिन, कप्तान पोलार्डचा नातलग. मुखपृष्ठावर फ्रेंच चित्रकार जेरिकोचं 'राफ्ट ऑफ द मेड्युसा' हे चित्र आहे. त्यानंतर २०१२ मध्ये एडगर अ‍ॅलन पो याची 'आर्थर गॉर्डन पिम' ही कादंबरी, जिच्यात पुन्हा चिठ्ठ्या आणि पुन्हा नरमांस आहे. २०१५ मध्ये विल्यम होप हॉजसनची समुद्रकथा, २०२३ मध्ये व्हर्नची पाणबुडी. एका बँडने जवळजवळ सगळी कारकीर्द समुद्रसाहित्यावर घालवली आहे. वजनासाठी नाव लावणारा माणूस इतका टिकत नाही.

मेटलच का साहित्याकडे इतकं वळतं, याचं एक साधं कारण आहे: रेडिओवर वाजायची फारशी अपेक्षा नसल्यामुळे इथे वीस मिनिटांचं गाणं चालतं, आणि शोकांतिकेला लागणारी टोकाची भावना या संगीतात अवघडल्याशिवाय बसते. दुसरं कारण श्रोत्याचं. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान आधीपासून माहीत असतं. बुवा ते कसं लावतात, कुठे थांबतात, कुणाच्या तोंडून बोलतात, यासाठी तो आलेला असतो. मेटलचा श्रोताही असाच पुस्तक वाचून येतो, किंवा ऐकून झाल्यावर वाचतो.

कुणाच्या तोंडून बोलायचं यावर बरंच अवलंबून असतं. ब्लाइंड गार्डियन या जर्मन बँडचा १९९८ चा 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' टॉल्किनच्या 'द सिल्मरिलियन'वर आहे. मूळ पुस्तक इतिहासग्रंथासारखं, लांबून बोलणारं. बँडचा गायक हान्सी क्युर्श याने गाणी त्यातल्या पात्रांना दिली, कधी शाप भोगणाऱ्या फेआनॉरला, कधी हरलेल्यांना. पुस्तकात जे एका परिच्छेदात उरकतं ते इथे कुणाचं तरी स्वगत होतं. फिन्गोल्फिन एकटा मॉर्गोथच्या दारात जाऊन त्याला द्वंद्वाला बोलावतो, त्यावरचं 'टाइम स्टँड्स स्टिल' ऐकाच. बावीस ट्रॅकपैकी निम्मे छोटे संवाद आणि जोडभाग आहेत. पुस्तक न वाचलेल्याला ते खटकतात, वाचलेल्याला नाही.

कॅमेलॉट या अमेरिकन बँडचं प्रकरण मला जास्त विचार करायला लावतं. 'एपिका' (२००३) आणि 'द ब्लॅक हेलो' (२००५) हे दोन अल्बम मिळून ग्यॉटेचा 'फाउस्ट' सांगतात. फाउस्टचं नाव इथे एरियल, त्याच्या प्रेयसीचं, ग्रेचेनचं, हेलेना. संगीत म्हणून दुसरा अल्बम अप्रतिम आहे. गायक रॉय खानचा मखमली, स्वच्छ आवाज एरियलचा, आणि 'मार्च ऑफ मेफिस्टो'मध्ये सैतान म्हणून दिमू बोर्गिर बँडचा गायक शाग्राथ येतो, ब्लॅक मेटलच्या त्या करवतीसारख्या आवाजात. दोन पात्रांना दोन उपप्रकारांच्या गायनपद्धती देणं ही नाट्याची फार नेमकी समज आहे. पण कथेत त्यांनी एक फेरफार केलाय जो मला अजून मान्य होत नाही. ग्यॉटेची ग्रेचेन आपलं मूल पाण्यात बुडवते, तुरुंगात पडते, आणि फाउस्ट तिला सोडवायला येतो तेव्हा त्याच्याबरोबर जायला नकार देते. पहिल्या भागातला सर्वांत ताकदीचा क्षण तो नकार आहे. कॅमेलॉटची हेलेना गरोदरपणी स्वतःच नदीत जीव देते. त्यामुळे गुन्हा गेला, नकार गेला, आणि तिचं मरण फक्त एरियलच्या दुःखाचं निमित्त झालं. तुम्ही वर्गात 'फाउस्ट' शिकवत असाल तर ही तुलना मुलांपुढे जरूर ठेवा. नुसतं कथानक उचललं की काय निसटतं ते यात लख्ख दिसतं.

ब्राझीलच्या सेपुल्तुराने २००६ मध्ये 'दांते एकवीस' काढला. नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग अशी तीन लोकांची चाल ठेवून, पण गाणी छोटी, आघात करणारी, शहरी. नरक त्यांना उत्तम जमलाय. स्वर्ग मेटलमध्ये कुणालाच नीटसा जमलेला मी ऐकलेला नाही. २००९ चा त्यांचा 'ए-लेक्स' बर्जेसच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'वर. कादंबरीतल्या अ‍ॅलेक्सला बेथोव्हेनचं वेड, म्हणून त्यात नवव्या सिम्फनीतली सुरावट बँडच्या हातात येते. तो तुकडा एकदा ऐकण्यासारखा आहे, बाकीचा अल्बम मला असमान वाटतो.

ब्रूस डिकिन्सन, मेडनचाच गायक, याचा १९९८ चा एकट्याचा 'द केमिकल वेडिंग' मात्र सोडू नका. कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकची प्रेरणा, पण त्यात कुठलीच गोष्ट नाही. युरायझन, थेल या ब्लेकच्या पात्रांची नावं येतात, 'जेरुसलेम'मध्ये ब्लेकच्या ओळी येतात, मधूनमधून गायक आर्थर ब्राउन ब्लेक वाचतो. मुखपृष्ठावर ब्लेकचं 'द घोस्ट ऑफ अ फ्ली', लंडनच्या टेटमधलं जेमतेम वीतभर उंचीचं चित्र, हातात रक्ताचं भांडं घेतलेला पिसवेचा आत्मा. गिटारचा आवाज खाली उतरलेला, दाट, धातू वितळवत ठेवल्यासारखा. ब्लेकची दृष्टी समजावून न सांगता तिच्या उष्णतेत तुम्हाला बसवणारा मला माहीत असलेला हा एकच मेटल अल्बम. माझ्या लेखी साहित्यावरच्या सगळ्या अल्बममध्ये हा पहिला.

आपल्याकडेही हे झालंय. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' काढला, प्रत्येक अवताराला एक गाणं. सिंगापूरचा रुद्र त्याआधीपासून वेदान्तावर डेथ मेटल करतोय, ब्रह्मविद्येवर त्यांचे एकामागून एक तीन अल्बम आहेत. पुराणांवर आणि उपनिषदांवर इंग्रजीतून ग्रोल, म्हणजे घशातली गुरगुर, ऐकताना सुरुवातीला कान बिचकतात, पण दशावताराची क्रमवार रचना अल्बमच्या साच्यात सहज बसते, आणि नृसिंहाचा प्रसंग मेटलला मुद्दाम शोधावा लागत नाही.

सुरुवात अशी करा. आधी कोलरिज समोर ठेवून मेडनचं गाणं. मग 'लेव्हायथन' पुन्हा, पण या वेळी गाण्यांचे शब्द छापील हातात घेऊन, जसा ऑपेराचा श्रोता संहिता हातात घेतो. आणि शेजारी एकतिसावं आणि अठ्ठेचाळिसावं प्रकरण उघडं. एका बैठकीत सगळा ऐकायची गरज नाही, पहिलं गाणं आणि 'हार्ट्स अलाइव्ह' पुरे. त्यानंतर दुसऱ्या दिवशी अहॅबचं 'ओल्ड थंडर'. दोन्ही बँड पाठोपाठ ऐकू नका, संथ संगीत लगेच कंटाळवाणं वाटेल. अहॅबसाठी लॅपटॉपचे किंवा फोनचे स्पीकर मात्र चालणार नाहीत. त्यांचं जे काही आहे ते खालच्या सप्तकात आहे आणि ते छोट्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. ज्या विद्यार्थ्याने तुम्हाला हा अल्बम ऐकवला, त्याच्याकडे चांगला हेडफोन असणार. तो मागून घ्या.